काहून उडवलं?

टिमकी मोहल्ल्यात जाऊन सुमंत बारापात्रेचं घर विचारलं, तर पानठेलेवाला आधी उलटा प्रश्न टाकतो, "कोणता सुमंत? हातवाला?"

आता हात कोणाला नसतात? पण गल्लीतल्या बाकीच्यांचे हात जेवायला, कामाला आणि फार तर नमस्काराला असतात. सुमंतचा हात सुटायला असतो. आधी हात सुटतो, लागायचा तिथं लागतो, आणि मग मागाहून सुमंत तिथं पोचतो. पोचल्यावर त्याला वाईट वाटतं, नाही असं नाही. पण वाईट वाटून घ्यायला जो माणूस दरवेळी उशिरा येतो, त्याचं कौतुक कोणी किती दिवस करायचं?

हा हात त्याला बापाकडून मिळाला. बाप कापडाच्या मिलमध्ये कामाला होता. मिल बंद पडली आणि बापाचा पट्टा चालू झाला. सुमंत तो पट्टा खात मोठा झाला. धाकटा पियूष त्याच्याहून बराच लहान. एके दिवशी बापानं पट्टा पियूषवर उगारला, तेव्हा नुकतीच मिसरूड फुटलेल्या सुमंतनं बापाचं मनगट पकडलं आणि आतून कडकन आवाज येईपर्यंत पिळलं. त्यानंतर बाप जगला तोवर डाव्या हातानं जेवला. त्यांची आई यमुताई हिनं नवऱ्याच्या मनगटाला हळद बांधली आणि थोरल्याच्या ताटात न मागता एक पोळी जास्त वाढली. त्या पोळीनं घात केला. आपला हात चांगला आहे, घराच्या राखणीसाठी आहे, असं सुमंतच्या मनानं जे घेतलं ते घेतलंच.

पुढं त्याच हातावर त्याचं पोट चाललं. सदरमधल्या एका बारमध्ये तो बाउन्सर झाला. जास्त झालेल्या गिऱ्हाईकाला बगलेत धरायचं आणि बाहेर फुटपाथवर नेऊन ठेवायचं, एवढंच काम. 'ठेवायचं' हा मालकाचा शब्द. सुमंत फेकायचा. कोणाचे दात गेले, कोणाच्या खांद्याचं हाड निखळलं. मालक खूश होता.

मग सोनिकाशी लग्न झालं, मयुरा नावाची मुलगी झाली, आणि एका संध्याकाळी भाजीत मीठ नाही एवढ्यावरून सोनिकाच्या ओठाला टाके पडले. मुलीला घेऊन ती मौद्याला माहेरी गेली ती गेलीच. भाजीत मीठ खरंच नव्हतं, असं सुमंत अजून सांगतो. चाखून पाहिलं होतं म्हणतो. जसं काही कोर्टात खटला मिठाचाच चालणार होता.

पियूषवर मात्र त्यानं कधी बोट उचललं नव्हतं. त्याच्या शाळेत गुंडगिरी करणाऱ्या पोरांना बदडलं, त्याच्या कॉलेजात त्याला छळणाऱ्यांच्या गाड्या फोडल्या, पण त्याला कधी नाही. "माझ्या भावाले हात लावून दाखव," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं आणि ते म्हणताना त्याचा आवाज खरोखर ओला व्हायचा.

पियूष शिकला, मिहानमधल्या एका कंपनीत लागला. नोकरी कच्ची होती. पक्की व्हावी म्हणून तो घरच्या कॉम्प्युटरवर कंपनीच्या गोदामासाठी एक प्रोग्रॅम लिहीत होता. रोज ड्यूटीहून आल्यावर, वर्षभर. येत्या सोमवारी तो साहेबांना दाखवायचा होता.

हा कॉम्प्युटर दोघा भावांत एकच. पियूषनंच तो सुटे भाग आणून जोडला होता, आणि भांडण नको म्हणून त्यात दोन वेगवेगळ्या सिस्टिम टाकल्या होत्या. एका घरात दोन भाडेकरू ठेवावेत तशा. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची. वर उबंटू, ते पियूषचं. खाली विंडोज, ते सुमंतचं. बाण वरखाली करायचा, एंटर मारायचा आणि ज्याच्या त्याच्या घरात जायचं. या नावांच्या यादीला पियूष बूट मेनू म्हणायचा. सुमंत तिला 'पाटी' म्हणायचा. त्याच्या घरात काय होतं? मयुराचे व्हिडिओ. मयुरा पालथी पडताना, मयुरा कूलरसमोर तोंड उघडून आऽऽ करताना. सोनिका जाताना फोन घेऊन गेली, हे मात्र मशीनमध्ये राहिलं होतं.

त्या गुरुवारी संध्याकाळी सुमंतला मयुराला पाहायचं होतं आणि पियूष काही केल्या खुर्ची सोडेना. "थोडं थांब ना दादा." बराच वेळ थांबून शेवटी सुमंत म्हणाला, "तुझ्या त्या उबंटूले एक दिवस उडवूनच टाकतो पाह्य." म्हटलं आणि तणतणत कामावर गेला. असं तो कूलरलाही म्हणायचा, शेजारच्या कुत्र्यालाही म्हणायचा.

शुक्रवारी सकाळी पियूष अंघोळीला गेला तेव्हा सुमंतनं मशीन लावलं, खालच्या नावावर जाऊन एंटर मारला आणि मनसोक्त व्हिडिओ पाहिले. बंद करताना विंडोजनं विचारलं, अपडेट करू का? सुमंतनं हो केलं. दार वाजवून विचारणाऱ्याला नाही कशाला म्हणायचं? अपडेट चालू राहिलं आणि तो दुधाला गेला.

दुधाच्या पिशव्या घेऊन परत आला तर पियूष मशीनपुढं उघडाच बसलेला, केसांतून पाणी गळतंय. त्यानं मशीन बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पाटी येतच नव्हती. मशीन धडधडत सरळ विंडोजमध्ये शिरत होतं, जसं दुसरं कोणी त्या घरात कधी राहतच नव्हतं. पियूष वळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काहून उडवलं?"

"काय?" सुमंत म्हणाला.

"उबंटू! काहून उडवलं बे तू?"

ज्या पोरानं आयुष्यात थोरल्या भावाला 'बे' म्हटलं नव्हतं, त्यानं ते म्हटलं. आणि सुमंतला खरंच काही ठाऊक नव्हतं. 'काय उडालं, कुठं उडालं' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण त्याला आरोप ऐकू आला की कानात फक्त तोच राहतो. आपल्या घरात, आपण दूध घेऊन उभे असताना, आपण ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं तो विचारत नाहीये, निकाल सांगतोय, हे त्याला असं काही झोंबलं की तोंडातून निघून गेलं,

"हाव, उडवलं! काय करशील?"

पियूषनं कीबोर्ड वायरसकट उपटला आणि दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर हाणला. बटणं उधळली. सुमंतच्या भुवईवर खोक पडली, डोळ्यात रक्त उतरलं. पहिला फटका पियूषचा होता, हे सुमंतनं पुढं ज्याला-त्याला सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. मिठाचंही खोटं नव्हतं.

मग हात सुटला. उघडा पंजा पियूषच्या डाव्या कानावर बसला. तो आवाज शेजारच्या भीमाबाईनं स्वयंपाकघरात ऐकला आणि तिला वाटलं, ट्यूबलाइट फुटली. पियूष कूलरच्या स्टँडवर आदळला, कूलर त्याच्यासकट आडवा झाला, पाणी फरशीभर पसरलं. तिथं थांबता आलं असतं. सुमंतनं त्याला गळ्याखालून धरून वर ओढलं आणि आणखी एक दिली, आणि आणखी एक. यमुताई मधे पडली. तिला कोपर लागलं, ती भिंतीला घसरत खाली बसली. तरी आणखी एक. पिशवी फुटून दूध, कूलरचं पाणी आणि रक्त असं सगळं एकत्र वाहत दाराकडं निघालं, तेव्हा भीमाबाई उंबऱ्यात येऊन किंचाळली, "अबे मरीन ना तो!"

तेव्हा सुमंत पोचला. त्यानं खाली पाहिलं. पियूषच्या कानातून रक्ताचा बारीक ओघळ मानेवर आला होता आणि तो नुसता छताकडं बघत होता.

दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, कानाचा पडदा फाटलाय आणि आतल्या नसेलाही मार बसलाय. त्या कानाला ऐकू येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही. पडल्यामुळे डोक्याला मार आहे, रात्रभर ठेवून घेऊ. "कशानं झालं?" म्हणून त्यानं विचारलं, तर यमुताई म्हणाली, "पडला." बायका नवऱ्यासाठी जे वर्षानुवर्षं सांगतात ते तिनं आता मुलासाठी सांगितलं, आणि सांगून झाल्यावर बाहेर येऊन बाकड्यावर बसली. तिचा गाल सुजला होता.

"सुमंत," ती म्हणाली, "मिहानकडं खापरीले खोली पाहून ठेवली हाय त्याच्या दोस्तानं. आम्ही उद्या जातो."

"आम्ही म्हणजे?"

"मी अन् पियूष."

हे घर सोडून आई जाईल, हे सुमंतच्या हिशेबात कधीच नव्हतं. "आई, मी नाही उडवलं वं! तुझी शप्पथ, हातबी नाही लावला त्या उबंटूले."

"तूच त म्हटलं, हाव उडवलं."

"ते त रागात म्हटलं!"

यमुताईनं पदरानं गाल दाबला आणि दुसरीकडं पाहिलं. सुमंतनं मनाशी बांधलं ते असं, की आईचा आपल्यावर विश्वास नाही. आपण उडवलं नाही हे दाखवून दिलं, पाटी परत आणून दाखवली, की आई थांबेल, पियूष थांबेल, सगळं जागच्या जागी येईल. हे त्यानं आईला विचारलं नाही.

शनिवारी सकाळी त्यानं मशीनचा डबा काढला, स्कूटरवर दोन पायांत धरला आणि भुवईला पट्टी लावून निघाला. पहिलं दुकान लागलं तिथं शिरला. काउंटरवरच्या माणसानं मशीन लावलं, फोनवर बोलता बोलता एक नजर टाकली आणि म्हणाला, "काही नाही भाऊ, फॉरमॅट मारून देतो. एकदम साफ."

या धंद्यात सगळं मारूनच होतं. फॉरमॅट मारतात, ब्लोअर मारतात, फुंकर मारतात, एंटर मारतात. सुमंतला ही भाषा एरवी आवडली असती.

"फॉरमॅट मारलं त काय होते?"

"जुनं सगळं उडते. नवं टाकू."

माणसानं बोट बटणाकडं नेलं, तेवढ्यात सुमंतनं त्याला काउंटरवरून शर्टासकट उचललं. काउंटरची काच तडकली, माणूस मागच्या खोक्यांच्या रांगेवर जाऊन आदळला आणि वरचा प्रिंटर त्याच्या मांडीवर आला. "उडवतो बे? माझ्या भावाचं उडवतो?" सुमंत ओरडत होता. बाजूच्या दुकानातले चार जण धावून आले, त्यांनी त्याला फरफटत बाहेर काढलं, दोघांनी लाथा घातल्या. कोणीतरी मशीनचा डबा आणून फुटपाथवर ठेवला, आदळला नाही एवढी त्याची भलमनसाई. सुमंत तिथं ओठ पुसत बसला आणि त्याला आपल्याबद्दल बरं वाटलं. भावासाठी मार खाल्ला, असं.

मग तो सदरला मायाकडं गेला. माया गजभिये आणि तो मनपाच्या शाळेत एका वर्गात होते. सदरच्या मागच्या गल्लीत तिचं छोटं दुकान होतं, दोन टेबलं, एक पंखा आणि भिंतीला लटकवलेल्या वायरी. बाई तोंडानं फटकळ होती. गिऱ्हाईक आलं आणि "मॅडम, व्हायरस घुसला," असं सांगू लागलं, की ती हात वर करायची. "काय झालं ते नका सांगू. काय दिसलं ते सांगा." लोकांना दिसतं एक आणि ते सांगतात भलतंच, यात तिचा निम्मा दिवस जायचा आणि त्याचा राग ती उरलेल्या निम्म्या दिवसात काढायची.

सुमंतलाही तिनं तेच विचारलं. तो म्हणाला, "दोन नावांची पाटी नाही येत. सरळ विंडोज उघडते. अपडेट झाल्यापासून."

"इतकं नीट त माझे इंजिनेर गिऱ्हाईकबी नाही सांगत," माया म्हणाली आणि मशीन पडद्याला जोडलं. थोडं आत शिरून तिनं डिस्कचा नकाशा उघडला. "हे पाह्य. ह्या इकडच्या भागात विंडोज. अन् ह्या अर्ध्यात काय दिसून राहिलं?"

"काहीतरी भरलेलं आहे."

"तेच तुझ्या भावाचं. तसंच्या तसं आहे. काही उडालं नाही गा. अपडेट झालं अन् विंडोजनं पाटीवरून दुसऱ्याचं नाव काढून टाकलं, एवढंच. घर आहे, पाटी नाही."

सुमंतचा जीव भांड्यात पडला. तो एकदम हसायला लागला, फुटका ओठ ताणून. "म्हणजे मी नाही उडवलं!"

"मी कुठं म्हटलं तू उडवलं?"

मायानं एक पेन ड्राइव्ह लावला, त्यावरून मशीन चालू केलं आणि काळ्या खिडकीत भराभर काही टाइप करत गेली. एका बाजूला कुणाच्या तरी मोबाइलच्या तारांना डाग द्यायचं काम अर्धवट होतं. सोल्डरिंगची कांडी स्टँडवर तापत ठेवली होती. सुमंत मागं उभा राहून घरी जाऊन काय बोलायचं ते जुळवत होता. शेवटी तिनं एंटर मारला, पेन ड्राइव्ह काढला, मशीन पुन्हा चालू केलं आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

पाटी आली नाही. पडदा क्षणभर काळा झाला आणि सरळ उबंटू उघडलं. पियूषचं नाव, पियूषचं चित्र. सुमंत वाट पाहत राहिला. "माझं कुठं हाय?" त्यानं विचारलं. मायाच्या तोंडात पाणी होतं, तिनं बोटानं 'थांब' अशी खूण केली. सुमंतला ते बोट दिसलं नाही. त्याला दिसली कूलरसमोर आऽऽ करणारी मयुरा, आणि ती आता कुठंच नव्हती.

त्यानं मायाचं मनगट धरून पिळलं. बाटली उडाली, पाणी टेबलभर झालं.

"काहून उडवलं वं? माझं काहून उडवलं?"

"सोड!"

"काहून उडवलं!"

त्यानं दुसरा हात उगारला. मायानं ओरडण्यात वेळ घालवला नाही. मोकळ्या हातानं स्टँडवरची तापलेली कांडी उचलली आणि तिचं मनगट धरलेल्या त्याच्या पंजाच्या पाठीवर टेकवली. चर्र झालं. जळक्या कातडीचा वास त्या एवढ्याशा दुकानात भरला. सुमंत बोंबलत मागं गेला आणि वायरींच्या भिंतीवर आदळला. कांडी त्याच्याकडं रोखून ती उभी राहिली.

"उडवलं का, असं विचारलं का मले?" ती म्हणाली. "आं? 'माया, तू माझं उडवलं का वं?' असं विचारलं असतं त नाही म्हटलं असतं मी. सरळ काहून! काहून म्हणजे उडवलं हे ठरलं, आता कारण सांग. ठरवणारा कोण बे तू?"

सुमंत हात काखेत दाबून खाली बसला. फोड टरारून आला होता. पण चटक्यापेक्षा जास्त काहीतरी त्याला लागलं होतं आणि काय ते हळूहळू लक्षात यायला लागलं. "पियूषनंबी मले हेच विचारलं," तो म्हणाला. "काहून उडवलं, असंच. उडवलं का, असं नाही विचारलं." आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. दूध, 'हाव', कीबोर्ड, कान.

मायानं ऐकून घेतलं. तिचं मनगट लाल होऊन सुजत चाललं होतं. "त्यानं काहून म्हटलं त तू त्याचा कान फोडला," ती म्हणाली. "तू काहून म्हटलं त मी नुसता चटका दिला. स्वस्तात सुटला तू."

मग ती डाव्या हातानं टाइप करायला बसली. उबंटू पहिल्यांदा टाकताना ते शेजाऱ्याला आपण होऊन शोधतं, पण अशी दुरुस्ती केली की सांगितल्याशिवाय शोधत नाही, असं काहीसं ती पडद्याशीच बोलली. एका फाइलमधली एक ओळ बदलली, एक हुकूम दिला. मशीन बंद झालं, चालू झालं. काळ्या पडद्यावर दोन नावं आली. वर उबंटू, खाली विंडोज. बाण वरच्या नावावर उभा होता. सुमंतनं खालच्या नावावर नेऊन एंटर मारला. मयुरा होती.

"मोठे उपकार झाले, माया."

"उचल अन् निघ. अन् पुन्हा ह्या दुकानाची पायरी चढू नको. शाळेतला आहे म्हणून पोलिसात नाही देत." तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. सुजलेलं मनगट पाण्याखाली धरायला ती आत गेली.

सुमंतला हे फारसं लागलं नाही. तो आनंदात होता. सदरहून टिमकीपर्यंत त्यानं ते वाक्य तोंडात घोळवलं. तू विचारलंच नाही गा पियूष, तू सरळ काहून म्हटलं. केवढा मुद्दा होता! या एका शब्दावर सगळं घडलं, आणि तो शब्द पियूषचा होता. हे ऐकून पियूष मान खाली घालेल, आई सामान ठेवेल, असं त्याला दिसत होतं.

घरी दोघं दवाखान्यातून आले होते. दारात ऑटो उभा होता आणि यमुताई शेवटची बॅग भरत होती. पियूषच्या डोक्याला कानावरून पट्टी होती, चेहरा एका बाजूनं काळानिळा. सुमंत डबा घेऊन आत गेला, वायरी जोडल्या, भीमाबाईच्या पोराचा कीबोर्ड मागून आणून लावला आणि बटण दाबलं.

पाटी आली. पियूष पुढं आला आणि खुर्चीत बसला. त्यानं एंटर मारला, आपलं फोल्डर उघडलं, त्यातला प्रोग्रॅम चालवून पाहिला. वर्षभराचं काम जिथल्या तिथं होतं. त्यानं तळव्यांनी डोळे दाबले. पाठ हलत होती.

"आई, पाह्यलं ना? मी नव्हतं उडवलं," सुमंत म्हणाला.

"पाह्यलं," यमुताई म्हणाली आणि लुगड्याची घडी बॅगेत दाबली.

"मग?"

"मग काय?"

हे असं ठरलं नव्हतं. आईनं मान्य केलं होतं आणि तरी बॅगेची चेन ओढत होती. सुमंत पियूषकडं वळला. पियूषच्या डाव्या अंगाला उभं राहून, जमेल तेवढ्या मऊ आवाजात, त्यानं ते जुळवलेलं वाक्य म्हटलं. "तू विचारलंच नाही गा पियूष. उडवलं का, असं विचारलं असतं त मी नाही म्हटलं असतं. तू सरळ काहून म्हटलं."

पियूष पडद्याकडं बघत राहिला. एक फाइल बंद केली, दुसरी उघडली.

"पियूष."

काही नाही. माऊसचा टकटक आवाज. सुमंतच्या भुवईची खोक ठणकायला लागली. पोळलेला पंजा भगभगत होता. भावासाठी लाथा खाल्ल्या, चटका खाल्ला, मशीन दुरुस्त करून परत आणलं, आणि हा मान वर करून बघतही नाही? मानेतून गरम काहीतरी वर चढलं.

"अबे, तुझ्याशी बोलून राहिलो ना मी!"

आणि हात वर गेला. खांद्याला धरून त्याला वळवायला गेला, असं सुमंत पुढं सांगतो. कशाला गेला ते तेव्हा त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

"त्याले तिकून ऐकू नाही येत," यमुताई म्हणाली.

हाताची सावली पडद्यावर पडली. पियूषनं ती पाहिली. तो ओरडला नाही, उठला नाही. दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं, मान छातीत घातली आणि खुर्चीत होईल तेवढा लहान होऊन बसला.

घरात कूलर बंद होता. बाहेर ऑटोवाला हॉर्न देत होता. सुमंतचा हात तसाच वर होता आणि तो त्या हाताकडं असा पाहत होता, की जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

"हात खाली घे," यमुताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. "अन् ती बॅग उचल. आटो उभा हाय."

सुमंतनं हात खाली घेतला आणि त्यात बॅग धरली. आईचं लुगडं, पियूषचे कपडे, डबे, बॅग चांगलीच जड होती. ती घेऊन तो दाराकडं निघाला, आणि तो बाहेर पडेपर्यंत पियूषनं डोक्यावरचे हात काढले नाहीत.